आठ अंशांचं अंतर

दरवर्षी २८ मेच्या सुमारास, दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी, रायपूरच्या गोल बाजारात उन्हात एक काठी सरळ उभी करून पाहावी. नौतपाचे दिवस असतात, रस्ता तापलेला असतो. मीटरभर काठीची सावली साधारण ऐंशी सेंटिमीटर पडते आणि पूर्वेपासून जराशी दक्षिणेकडे झुकते. त्या मिनिटाला सूर्य मक्केतल्या काबागृहाच्या बरोबर माथ्यावर आलेला असतो. म्हणून सावलीच्या टोकाकडून काठीच्या बुडख्याकडे पाहिलं, की नजर थेट काबाच्या रोखाने जाते. ही युक्ती तेराव्या शतकात नसीरुद्दीन तुसी या ज्योतिर्विदाने लिहून ठेवली आहे. तिला होकायंत्र लागत नाही, मोबाइलही लागत नाही.

या काठीने जे दिसतं ते रायपूरच्या बाबतीत विशेष आहे. रायपूर सुमारे २१ अंश १५ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे आणि मक्का सुमारे २१ अंश २५ मिनिटांवर. म्हणजे दोन्ही शहरं जवळपास एकाच आडव्या रेषेवर. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात रायपूरवर पट्टी ठेवून पश्चिमेला रेघ मारली, तर ती सरळ मक्केत पोचते. पण पृथ्वी गोल आहे. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग काढला, तर रायपुरातून काबाची दिशा पश्चिमेपासून सुमारे आठ अंश उत्तरेला येते. सपाट नकाशा एक सांगतो, गोल पृथ्वी दुसरं. रायपुरातून ठीक पश्चिमेकडे तोंड केलं आणि नजरेची रेघ गोलावर तशीच सरळ वाढवली, तर ती मक्केच्या दक्षिणेला सुमारे पावणेसहाशे किलोमीटरवरून, लाल समुद्रात इरिट्रियाच्या किनाऱ्यासमोरून जाते.

गोल बाजारातल्या एका ओळखीच्या दुकानात मसाल्याच्या पोत्यांशेजारी बसून एका तरुण मुलाने हाच फरक मला मोबाइलवर दाखवला होता. तो ज्या भिंतीकडे तोंड करून लहानपणापासून नमाज पढत आला ती सरळ पश्चिमेला, आणि पडद्यावरचा काटा तिच्यापासून हटलेला. त्याच्या वडिलांनी एका वाक्यात विषय मिटवला : अल्लाह नियत पाहतो. मुलाचं समाधान झालं नाही. त्याने पुढचा प्रश्न विचारला. आठ अंश राहू देत, पण मुळात ही दिशा कुराणात कुठे आणि किती स्पष्ट सांगितली आहे? सांगितली असेल तर इतके मतभेद का, आणि नसेल तर आपण वळतो कशाच्या आधारावर?

मी मुसलमान नाही. या प्रश्नाचा निकाल देण्याचा मला अधिकार नाही, पण तो समजून घेण्याचा आहे असं मी मानतो. विनोबांनी पवनारला बसून अरबी कुराणाचा अभ्यास केला आणि ‘कुराण-सार’ संपादित केलं, ते दुसऱ्याचा ग्रंथ आदराने आणि डोळे उघडे ठेवून वाचता येतो याच विश्वासावर. त्या विश्वासावर मी पुढचं लिहितो आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : कुराणाने दिशा दिली, पण अंश दिले नाहीत, आणि ही उणीव नव्हे. जिथे ग्रंथ थांबला तिथून माणसाची बुद्धी, व्यवहार आणि सौहार्द सुरू व्हावं, अशी ती मोकळी जागा आहे. प्रश्न विचारणारा त्या जागेत उभा असतो, श्रद्धेच्या बाहेर नव्हे.

आधी ग्रंथ पाहू. किबल्याचा, म्हणजे नमाज पढताना तोंड करायच्या दिशेचा, आधार म्हणून दाखवल्या जाणाऱ्या आयती दुसऱ्या अध्यायात, सूरह बकरामध्ये, १४२ ते १५० या क्रमांकांच्या दरम्यान आहेत. तिथे पैगंबरांना आणि त्यांच्या अनुयायांना मस्जिदे हरामच्या, म्हणजे काबाभोवतीच्या पवित्र आवाराच्या, बाजूला तोंड वळवायला सांगितलं आहे. जिथे असाल तिथून वळा, असं बजावलं आहे, आणि ही आज्ञा थोड्याच ओळींत पुन्हा पुन्हा आली आहे. इतकं निश्चित आहे.

आता जे तिथे नाही ते. लोक आधी ज्या किबल्यावर होते त्याचा उल्लेख आहे, पण त्या जुन्या किबल्याचं नाव नाही. जेरुसलेम हा शब्द त्या आयतींत येत नाही. तोंड वळवा असं आहे, पण नमाजासाठीचा ‘सलात’ हा शब्द या आज्ञेत नाही. दिशा कशी ओळखायची, किती काटेकोर असायची, चुकली तर काय, यांपैकी काहीही नाही. शिवाय ‘किबला’ हा शब्द दहाव्या अध्यायात मूसा आणि त्यांच्या भावाच्या संदर्भात येतो. तिथे मिसरमधल्या घरांना किबला करायला सांगितलं आहे, आणि त्याचा अर्थ काय यावर भाष्यकारांत वेगवेगळी मतं आहेत. केवळ कुराणच प्रमाण मानणाऱ्या काही आधुनिक मुसलमान अभ्यासकांनी याच जागांवर बोट ठेवलं आहे, आणि त्यांचं वाचन बिनबुडाचं आहे असं म्हणता येत नाही. दुकानातल्या मुलाचा प्रश्न म्हणूनच पोरकट नव्हता.

मग नमाजाचा संबंध आला कुठून? तो हदीसमधून, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या वृत्तान्तांतून, आणि चालत आलेल्या आचरणातून आला. बुखारीच्या संग्रहात बरा इब्न आज़िब यांच्या नावाने आलेल्या वृत्तान्तानुसार मदिनेला आल्यावर सोळा किंवा सतरा महिने नमाज जेरुसलेमच्या दिशेने होत होती. मग दिशा बदलली. ही गोष्ट हिजरीच्या दुसऱ्या वर्षातली, इसवी सन ६२४ च्या आसपासची. कुबा इथे पहाटेची नमाज चालू असताना कुणीतरी येऊन बातमी दिली आणि उभ्या असलेल्या रांगा तशाच वळल्या, असंही एक वृत्त आहे. मदिनेतली मस्जिदे किबलतैन, दोन किबल्यांची मशीद, आजही त्या बदलाची आठवण सांगते.

हे दृश्य भूगोलासकट डोळ्यांसमोर आणायला हवं. मदिनेतून जेरुसलेम उत्तरेकडे आणि मक्का दक्षिणेकडे. म्हणजे ते वळणं थोडंथोडकं नव्हतं, जवळजवळ पाठ फिरवणं होतं. काल ज्या बाजूला कपाळ टेकवलं तिच्याकडे आज पाठ. लोकांनी विचारलंच, की आधीच्या नमाजांचं काय, वाया गेल्या का? श्रद्धा वाया जाऊ दिली जाणार नाही, अशा अर्थाचं आश्वासन १४३ व्या आयतीत आहे, आणि बहुतेक भाष्यकार तिथे ‘श्रद्धा’ म्हणजे नमाज असाच अर्थ घेतात. म्हणजे नमाजाचा धागा शब्दात नसला तरी संदर्भात आहे, पण तो हाती लागतो वृत्तान्त आणि भाष्य सोबत घेतल्यावर.

इथे टीकाकार म्हणतो, पाहा, ग्रंथ एकटा पुरा पडत नाही. मी म्हणतो, जगातला कोणता आचारधर्म एकट्या ग्रंथावर उभा आहे? पंढरीची वारी कोणत्या श्रुतीत सांगितली आहे? ती चालणाऱ्यांच्या पायांनी सांगितली. आचरण हे ग्रंथाचं पहिलं भाष्य असतं. मात्र याची दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. जे आचरणातून आलं ते आचरणातून आलं असं म्हणावं. त्याला ग्रंथाचा शब्द म्हणून दुसऱ्याच्या डोक्यावर मारू नये. बापाने मुलाला एवढं सांगितलं असतं, तर मुलाचा अर्धा प्रश्न तिथेच सुटला असता.

आता कुराणातल्याच दुसऱ्या काही आयती. याच सूरहमध्ये ११५ वी आयत सांगते की पूर्व आणि पश्चिम दोन्ही ईश्वराच्याच; जिकडे वळाल तिकडे तोच समोर आहे. १७७ वी सांगते की तोंड पूर्वेला की पश्चिमेला यात पुण्य नाही; पुण्य आहे श्रद्धेत, आणि आपलं धन आप्तांना, अनाथांना, गरजूंना, वाटसरूंना देण्यात, नमाज आणि जकातीत, दिलेला शब्द पाळण्यात, संकटात टिकून राहण्यात. आणि १४८ वी, अगदी किबल्याच्या आज्ञेच्या मध्यावरच, म्हणते की प्रत्येकाची वळण्याची एक दिशा असते. तुम्ही भल्या कामांत एकमेकांच्या पुढे जा.

एकीकडे सर्वत्र तोच, दुसरीकडे तोंड तिकडेच कर. या ताणाची जाणीव जुन्या भाष्यकारांना पुरेपूर होती. काहींनी ११५ वी आयत नंतरच्या आज्ञेने रद्द झाली असं मानलं. काहींनी ती प्रवाशासाठी किंवा अंधारात दिशा न सापडणाऱ्यासाठी आहे असं म्हटलं. तबरीने आपल्या भाष्यात अशी वेगवेगळी मतं एकापुढे एक नोंदवली. हजार वर्षांपूर्वीचा विद्वान जर चार मतं शेजारी शेजारी ठेवू शकत होता, तर आजच्या प्रश्नकर्त्याला गप्प करण्याची घाई कशाला?

मराठी माणसाला हा ताण परका वाटू नये. औंढा नागनाथच्या देवळातली कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले, नामदेव रागावलेले. विसोबा म्हणतात, देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलून जिथे ठेवतात तिथे पिंड. कथेचा आशय ११५ व्या आयतीपासून फार लांब नाही. पण कथेनंतर नामदेवांनी काय केलं ते आपण विसरतो. देव सगळीकडे आहे हे कळल्यावर त्यांनी पंढरपूर सोडून दिलं नाही. ते पंढरीचेच राहिले, इतके की आजही महाद्वारात नामदेव पायरी आहे. विठ्ठल वीटभर जागेत मावत नाही हे वारकऱ्याला ठाऊक असतं, तरी आषाढात त्याचे पाय एकाच गावाकडे वळतात. यात विसंगती नाही. देवाला दिशेची गरज नसते, पण माणसांना एकत्र यायला दिशा लागते. एकटा माणूस चारही दिशांना प्रार्थना करू शकतो. शंभर माणसांची एक ओळ करायची असेल, तर कुठेतरी एकीकडे तोंड करावं लागतं. मशिदीतली सफ, खांद्याला खांदा लावलेली रांग, या एका गोष्टीवर उभी आहे.

म्हणूनच किबला म्हणजे दगडाची पूजा हा आक्षेप मला टिकणारा वाटत नाही. इसवी सन ९३० मध्ये करामती पंथाच्या लोकांनी मक्केवर हल्ला करून काबातला काळा दगड उचलून नेला. तो परत यायला दोन दशकांहून अधिक काळ लागला. त्या सगळ्या वर्षांत कुठल्याही गावातली नमाज दगडाच्या मागे गेली नाही. पुढे सतराव्या शतकात मक्केत पूर आला, काबाच्या भिंती कोसळल्या, आणि ऑटोमन सुलतान चौथ्या मुरादच्या काळात इमारत पुन्हा बांधली गेली. मधल्या काळात तिथे धड भिंतीही नव्हत्या, दिशा होती. आणि खुद्द काबाच्या आत गेलेल्या माणसाला कोणत्याही भिंतीकडे तोंड करता येतं. केंद्रावर पोचलं की दिशाच उरत नाही. जी वस्तू नसतानाही चालते आणि आत शिरल्यावर विरून जाते, तिला मूर्ती म्हणता येत नाही. ती एक सामायिक खूण आहे.

आता अंशांचा प्रश्न. आयतीत बाजूसाठी आलेला शब्द आहे ‘शत्र’ : रोख, अंग, बाजू. ही बाजू म्हणजे नेमकं काबागृह की काबाची साधारण दिशा, यावर फिकहच्या, म्हणजे इस्लामी आचारशास्त्राच्या, पंडितांत जुना मतभेद आहे. शाफई परंपरेचा कल नेमक्या काबाकडे आहे, हनफी परंपरा साधारण दिशेवर समाधान मानते. भारतातले बहुसंख्य मुसलमान हनफी. आपल्या कोकणातले मुसलमान मात्र शाफई. म्हणजे चिपळूण-दाभोळच्या मशिदीत आणि रायपूरच्या मशिदीत हा आठ अंशांचा प्रश्न वेगवेगळ्या तराजूत तोलला जाऊ शकतो, आणि दोन्ही तराजू परंपरेचेच. हनफी मतानुसार दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंतचा फरक चालतो. तिरमिज़ीच्या संग्रहात तर मदिनेच्या लोकांसाठी पूर्व आणि पश्चिम यांच्या मधला सगळा भाग किबला ठरवणारं वचन आहे. या हिशोबाने वडील अगदी बरोबर होते. अनोळखी जागी ज्याने प्रामाणिकपणे दिशा शोधली आणि तरी ती चुकली, त्याची नमाज हनफी फिकह वाया गेली असं मानत नाही.

पण मुलगाही बरोबर होता. कारण याच मोकळ्या जागेतून मोठं गणित जन्माला आलं. अल बिरुनीने १०२५ मध्ये पूर्ण केलेल्या एका ग्रंथात गझनीचा किबला काढण्यासाठी शहरांचे अक्षांश-रेखांश मोजले, गोलीय त्रिकोणमिती वापरली आणि एकाहून अधिक पद्धतींनी उत्तर पडताळलं. हाच बिरुनी पुढे भारतावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहून गेला. तेव्हा किबला अचूक असावा हा हट्ट अश्रद्धा नव्हती, ती श्रद्धेतून आलेली जिज्ञासा होती. दुसरीकडे, आठव्या शतकात उभी राहिलेली कॉर्डोबाची प्रसिद्ध मशीद खऱ्या दिशेपासून पन्नासएक अंश दक्षिणेकडे हटलेली आहे. दहाव्या शतकात ती वाढवली गेली तेव्हा गणित चांगलं अवगत होतं, तरी भिंतीचा रोख तोच राहिला. गणिताचा मान आणि पूर्वजांचा मान, दोन्ही इस्लामच्या इतिहासात शेजारी नांदले आहेत.

नेहमी नांदले असं मात्र नाही. जावा बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अहमद दहलान या विद्वानाने योग्यकर्ताच्या मोठ्या मशिदीची दिशा सरळ पश्चिमेला आहे, ती उत्तरेकडे वळवायला हवी, असं दाखवून दिलं. स्थानिक धर्माधिकाऱ्यांनी त्याचं स्वतःचं छोटं प्रार्थनाघरच पाडून टाकलं. पुढे १९१२ मध्ये त्याने मुहम्मदिया ही संघटना स्थापन केली. आज ती इंडोनेशियातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम संघटनांपैकी एक आहे. आणि २०१० मध्ये इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने किबला पश्चिमेला असं आधी सांगितलं, मग काही महिन्यांत वायव्येला अशी दुरुस्ती केली. ज्या प्रश्नासाठी एकेकाळी भिंती पाडल्या, तो शतकभराने एका पत्रकाने सुटला. प्रश्नाला वेळ लागतो, पण प्रश्न मारता येत नाही.

२००७ मध्ये मलेशियाचा शेख मुजफ्फर शुकोर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात गेला तेव्हा मलेशियातल्या विद्वानांनी त्याच्यासाठी नियम तयार केले : जमेल तर काबाकडे, नाहीतर काबाच्या वरच्या आकाशाकडे, नाहीतर पृथ्वीकडे, नाहीतर जमेल तिकडे. या चार पायऱ्या उतरता उतरता माणूस किबल्याची आज्ञा देणाऱ्या १४४ व्या आयतीतून निघून ११५ व्या आयतीत पोचतो. एक रद्द झाली आणि दुसरी उरली असं म्हणण्याऐवजी दोघी एकाच जिन्याची दोन टोकं आहेत, असं मला वाटतं.

अलीकडे आणखी एक प्रश्न पुढे आला. डॅन गिब्सन या लेखकाने २०११ मध्ये असं मांडलं की सुरुवातीच्या मशिदी मक्केकडे नव्हे, जॉर्डनमधल्या पेट्राकडे वळलेल्या होत्या. अरबी विज्ञानाच्या इतिहासाचे अभ्यासक डेव्हिड किंग यांनी त्याला सविस्तर उत्तर दिलं : सुरुवातीच्या बांधणाऱ्यांकडे आजची अंशमोजणी नव्हतीच, ते सूर्योदय-सूर्यास्ताच्या जागा, तारे, वारे पाहून दिशा धरत. आजचं मोजमाप तेव्हाच्या भिंतीवर लादून तिसरंच शहर शोधणं योग्य नाही. मला किंग यांचं म्हणणं पटतं. पण गिब्सन यांचा प्रश्न विचारायचाच नाही असं मी म्हणणार नाही. प्रश्नाला पुराव्याने उत्तर मिळालं, हेच त्याचं योग्य भाग्य. वाईट असतो तो प्रश्न, जो उत्तर ऐकण्यासाठी विचारलेलाच नसतो, समोरच्याला खाली पाहायला लावण्यासाठी विचारलेला असतो. आपल्याकडे सध्या तसे प्रश्न फार झाले आहेत. त्यामुळेच घराच्या आत विचारलेला खरा प्रश्नही शत्रूचा वाटू लागतो. चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेल्या हमीद दलवाईंनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं, तेव्हा त्यांनाही हीच कोंडी भोगावी लागली. बाहेरच्याने शस्त्र म्हणून वापरावा आणि आतल्याने गद्दारी म्हणून नाकारावा, अशा दोन दगडांमध्ये प्रश्नाचं पीठ होतं. ते थांबवण्याची पहिली जबाबदारी बाहेरच्यांवर, म्हणजे माझ्यासारख्यांवर आहे.

आणि बाहेरच्यांनी थोडा भूगोलही पाहावा. कोकणात शतकानुशतकं राहिलेले, मराठी बोलणारे बेने इस्रायल ज्यू जेरुसलेमकडे तोंड करून प्रार्थना करतात. मदिनेत जेरुसलेम आणि मक्का पाठीला पाठ लावून होते. आपल्या किनाऱ्यावरून दोन्ही पश्चिमेलाच. रायपुरातून मोजलं तर दोघांत अंतर सोळा अंशांचं, मान किंचित वळवण्याएवढं. ज्या बदलाने मदिनेत समाजाला पाठ फिरवावी लागली, तो बदल इथल्या मातीवर जवळजवळ दिसतही नाही. जितके लांब जाल तितक्या दिशा एकमेकींजवळ येतात. भांडण जवळ उभ्या असलेल्यांचं असतं.

पुढच्या वेळी मी त्या दुकानात जाईन तेव्हा मुलाला सांगेन, तुझा काटा खरा आहे. वडिलांना सांगेन, तुमचं वाक्यही खरं आहे, फक्त ते विषय मिटवण्यासाठी वापरू नका. आणि दोघांना १७७ व्या आयतीची आठवण करून देईन, कारण ती बाजारात बसणाऱ्यांना जास्त लागू आहे : दिलेला शब्द पाळणं, मागणाऱ्याला देणं. वायदा आणि तराजू यांना दिशा नसते.

नौतपाच्या त्या दुपारी बाजारातल्या सगळ्याच सावल्या एका रोखाने पडतात. हातगाडीची, विजेच्या खांबाची, देवळाच्या कळसाची, मशिदीच्या मिनाराची, आणि तिथून जाणाऱ्या माणसाची, तो कोणत्याही धर्माचा असो. काठी उभी करून पाहण्याचं कुतूहल तेवढं हवं. ती उभी करणाऱ्या मुलाच्या हातातून काठी काढून घेऊ नये, एवढंच माझं मागणं आहे.